खाटांच्या रांगांमधले आजी-आजोबा

२९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कॅटरिना’ हे वादळ अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर आदळले. अटलांटिक महासागरातील अशा वादळांना तिकडे ‘हरिकेन’ म्हणतात. आपल्या समुद्रांतल्या चक्रीवादळांचेच ते भावंड. न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. लुइझियानात जे दगावले, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मे लोक ७५ वर्षे वा त्याहून अधिक वयाचे होते. त्या शहराच्या लोकसंख्येत या वयाच्या माणसांचा वाटा अर्थातच फार लहान होता.

जे वाचले, त्यांतल्या हजारोंना बसगाड्यांतून टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरी आणण्यात आले. तेथील ‘ॲस्ट्रोडोम’ हे १९६५ साली खुले झालेले, छप्पर असलेले प्रचंड क्रीडागृह. त्याच्या मैदानावर घडीच्या खाटांच्या रांगा मांडल्या गेल्या. हे क्रीडागृह आणि आसपासची सभागृहे मिळून २०,००० हून अधिक माणसे तिथे राहिली. मुलांकडे सहा-सहा महिने ह्यूस्टनला जाऊन राहणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांनी ही वास्तू बाहेरून पाहिली असेल.

मदतीला स्वयंसेवकांची रीघ लागली. कपडे वाटणे, जेवण वाढणे, ताटातूट झालेल्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारणे, शोधाच्या चिठ्ठ्या फलकावर लावणे अशी कामे त्यांनी मनापासून केली. आवारात वैद्यकीय केंद्रही उघडले. तथापि या साऱ्या व्यवस्थेत एक गृहीत होते: ज्याला काही हवे असेल, तो उठून रांगेत येऊन उभा राहील. तरुणांच्या बाबतीत ते खरे ठरले. अशक्त वृद्ध मात्र खाटेवरच बसून राहिले. ते ओरडत नव्हते, भांडत नव्हते, म्हणून ते कुणाच्या नजरेस येत नव्हते.

ही उणीव हेरली ती बेलर वैद्यकीय महाविद्यालयाच्या वृद्धरोगतज्ज्ञ डॉ. कार्मेल डायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. एकट्या पडलेल्या ज्येष्ठांची झटपट पाहणी करण्यासाठी त्यांनी तिथेच एक साधी पद्धत तयार केली. तिचे नाव ‘स्विफ्ट’. कुटुंबाची सोबत नसलेल्या ज्येष्ठांपैकी कुणाला आधी मदत हवी, हे ठरवण्याची रीत. तिच्या तीन पायऱ्या होत्या. खाणे, आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, चालणे यांपैकी एकही गोष्ट ज्याला आधाराविना जमत नाही, तो पहिल्या पायरीवर. त्याला त्या कोलाहलातून तत्काळ शुश्रूषागृहात किंवा रुग्णालयात हलवायचे. ज्याला शरीराची कामे जमतात, पण पैशांचे व्यवहार किंवा सरकारी मदतीचे अर्ज झेपत नाहीत, तो दुसऱ्या पायरीवर. त्याच्यासाठी एक जाणता मदतनीस नेमायचा. तिसऱ्या पायरीवरच्या माणसाची केवळ आप्तांशी गाठ घालून दिली की पुरे.

या पद्धतीत ना यंत्र, ना रक्ततपासणी. लागतो तो खाटेपाशी जाऊन, वाकून, शांतपणे प्रश्न विचारणारा माणूस. माझ्या मते निवारा केंद्रातल्या स्वयंसेवकाचे सर्वांत मोलाचे काम हेच. जेवणाची पाकिटे कोणीही वाटू शकेल; पण शेजारच्या खाटेवरच्या आजींनी कालचे पाकीट उघडलेलेच नाही, हे कुणाच्या तरी ध्यानी यावे लागते.

त्या आजींनी पाकीट का उघडले नसेल? कदाचित कवळी घरीच राहिली असेल. घरी स्वतःचा स्वयंपाक करणारी, हिशेब ठेवणारी व्यक्ती एका रात्रीत परावलंबी दिसू लागते; कारण चष्मा, काठी, श्रवणयंत्र आणि गोळ्यांचा डबा हे तिचे आधार पाण्यात गेलेले असतात. ऐकू न आल्याने भलतेच उत्तर देणाऱ्या आजोबांवर ‘बुद्धी चळली’ असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. घडीची खाट फार बुटकी. गुडघे धरलेल्या माणसाला तिच्यावरून उठता येत नाही. शौचालय दूर, म्हणून अनेक वृद्ध पाणी पिणेच कमी करतात. मग लघवीला जळजळ, बद्धकोष्ठ, भोवळ अशी साखळी सुरू होते. रात्रभर जळणारे दिवे, गोंगाट, तुटलेली झोप आणि शरीरातले कमी झालेले पाणी यांमुळे काहींना अचानक भ्रम होतो. माणूस कालपर्यंत ठीक होता आणि आज असंबद्ध बोलतो आहे किंवा सारखा गुंगीत आहे, तर ते म्हातारपण समजून सोडून देऊ नये. तो आजार असतो, बहुधा बरा होणारा, आणि त्यासाठी डॉक्टरांना त्याच दिवशी बोलावणे आवश्यक असते. दिवसाचा प्रहर सांगणे, नावाने हाक मारणे, रात्री जवळचा दिवा मंद करणे, पेला हातात देऊन घोटभर पाणी प्यायला लावणे, ही त्यावरची बिनखर्ची शुश्रूषा.

औषधांचा प्रश्न तर बिकटच. ‘रक्तदाबाची ती लहान पांढरी गोळी’ एवढ्या वर्णनावरून डॉक्टरांनी काय ओळखावे? न्यू ऑर्लिन्सच्या कित्येक दवाखान्यांतले कागद भिजून गेले होते. माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या नोंदी मात्र संगणकावर होत्या, म्हणून त्यांची माहिती दुसऱ्या गावीही मिळू शकली. इन्सुलिन, डायलिसिस, प्राणवायू यांवर अवलंबून असलेल्यांना तर वाट पाहण्याची सवडच नसते. त्यांची चौकशी पहिल्या तासात व्हावी.

गर्दीत रोगही पसरतात. ह्यूस्टनच्या त्या केंद्रात पहिल्या दहा-अकरा दिवसांत सुमारे ६,५०० जण वैद्यकीय मदतीसाठी आले, आणि त्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना उलट्या-जुलाब होत होते. कारण ठरला नोरोव्हायरस. या विषाणूपुढे हातांना चोळायचा अल्कोहोलयुक्त द्रव फारसा टिकत नाही. साबण आणि वाहते पाणीच हवे. स्वयंसेवकाने एका खाटेवरून दुसरीकडे जाताना हे विसरू नये.

आणि बोलावे काय? ‘काय काय घडले ते सांगा’ असा आग्रह धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिच्यात पाहा, ऐका आणि जोडून द्या, अशी तीन तत्त्वे दिली आहेत. दुःख उकरून काढायला तिने सांगितलेले नाही. बोलावेसे वाटले तर ऐकावे, न वाटले तर गप्प बसावे. ‘सगळे ठीक होईल’ असे खोटे आश्वासन आणि खाटेवरच्या वृद्धांची छायाचित्रे, दोन्ही टाळावीत.

हे काम ज्येष्ठांनी ज्येष्ठांसाठी करावे, असे मला आवर्जून वाटते. ओझी उचलण्याचे काम आपले नव्हे. पण अर्ज भरून देणे, फोन लावून देणे, सोबत बसणे यांत साठी-सत्तरीतला माणूस पंचविशीतल्या मुलाहून अधिक उपयोगी पडतो. आधी रीतसर नाव नोंदवावे, स्वतःच्या गोळ्या आणि पाणी बरोबर न्यावे, घट्ट बसणारे बूट घालावेत आणि चार तासांनंतर घरी यावे. स्वतःच रुग्ण होऊन बसलो तर केंद्रावरचा भार वाढतोच.

हा प्रसंग आपल्याही दारी येऊ शकतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा करोनाच्या साथीतच किनाऱ्यावरील लोकांना सुरक्षित जागी हलवावे लागले. आपल्याकडे अशा वेळी गावची शाळा हाच निवारा असतो, आणि तिथे उंच खाट नसते, जमिनीवर सतरंजी असते. तेव्हा वृद्धांसाठी चार खुर्च्या, एक-दोन बाकडी आणि शौचालयाजवळची खोली आधीच राखून ठेवावी.

घरच्या काळजीवाहकांनी आजच एक कागद तयार करावा. त्यावर आजी-आजोबांचे पूर्ण नाव, रक्तगट, आजार, औषधांची नावे आणि मात्रा, ॲलर्जी, दोन नातलगांचे दूरध्वनी क्रमांक लिहावेत. त्यांतला एक नातलग परगावचा असावा, कारण वादळात आपल्या गावचे फोन बंद पडू शकतात. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चष्म्याच्या जुन्या जोडीसह आणि आठवडाभराच्या गोळ्यांसह एकाच थैलीत ठेवावा. दर तीन महिन्यांनी गोळ्यांवरच्या तारखा तपासून जुन्या बदलाव्यात, आणि थैली कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, दाखवून ठेवावे.