कॅरव्हॅनची पारख नावावरून नको, बांधणीवरून हवी

फर्दापूर (प्रतिनिधी) - अजिंठा लेण्यांचे प्रवेशद्वार असलेल्या फर्दापूरला पर्यटकांची खासगी वाहने टी पॉइंटवर थांबतात आणि पुढचा सुमारे चार किलोमीटरचा प्रवास एसटीच्या बसने होतो. कॅरव्हॅन, म्हणजेच चाकांवरचे घर, घेऊन आलेल्या कुटुंबालाही हाच नियम लागू आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यानंतर अशा वाहनांविषयीचे कुतूहल वाढले. मात्र लाखो रुपये मोजताना कोणत्या कंपनीची कॅरव्हॅन चांगली, हा प्रश्न ग्राहकाला पडतो. त्याचे उत्तर केवळ कंपनीच्या नावात सापडत नाही.

नाव एक, घटक अनेक

परदेशात गाडीमागे जोडून ओढण्याच्या कॅरव्हॅन सर्रास दिसतात. अमेरिकेतील एअरस्ट्रीम हे १९३१ पासूनचे नाव १९८० पासून थॉर उद्योगसमूहाकडे आहे, तर जेको ही कंपनीही २०१६ मध्ये याच समूहात आली. त्यामुळे नावे वेगळी असली, तरी मालक एक असू शकतो आणि एकाच नावाखाली स्वस्त व महाग अशी दोन्ही प्रकारची बांधणी विकली जाते. आपल्याकडे मुख्यतः व्हॅन किंवा लहान बसच्या सांगाड्यावर घर उभारले जाते. सांगाडा एका कंपनीचा, बांधणी दुसऱ्याची आणि फ्रीज, शौचकूप, बॅटरी तिसऱ्याची असते. कोणत्या भागाची हमी कोण देणार, हे खरेदीपूर्वीच लेखी घेणे हिताचे ठरते.

कागदपत्रे आधी

मोटार कॅरव्हॅनसाठी देशात 'एआयएस-१२४' हे स्वतंत्र मानक आहे. पुण्यातील एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी प्रमुख संस्था आहे. विक्रेत्याकडे संबंधित मॉडेलचे मान्यता प्रमाणपत्र आहे का, हे पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मनाप्रमाणे फेरबदल करता येत नाहीत. परवानगीविना बदल केलेल्या गाडीचा विमा दावाही अडचणीत येऊ शकतो.

पाणी, वजन आणि वीज

कॅरव्हॅनचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे झिरपणारे पाणी. छत, खिडक्या आणि सांधे येथून ओल शिरली की आतील लाकूड कुजते व भिंतीचे थर सुटतात. भिंत दाबल्यावर मऊ लागणे, कोपऱ्यात डाग असणे किंवा कुबट वास येणे ही त्याची लक्षणे आहेत. जुनी गाडी घेताना ती पावसाळ्यात पाहावी अथवा पाण्याचा जोरदार फवारा मारून तपासावी.

दुसरी बाब वजनाची. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. टाकी, सिलिंडर, सामान आणि माणसे धरून एकूण वजन मर्यादेत राहते का, याचा हिशेब करावा. छत्रपती संभाजीनगरकडून येताना अजिंठा घाट उतरावा लागतो. तेथे जादा वजनाचा थेट ताण ब्रेकवर येतो. टायरवरील चार अंकी सांकेतिक आकडाही वाचावा. २३२४ म्हणजे २०२४ मधील तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. गाडी उभी राहिली, तरी रबर जुने होतच असते.

'रात्रभर बॅटरीवर एसी चालतो' हा दावा साध्या गणिताने तपासता येतो. १२ व्होल्टच्या २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे २.४ युनिट वीज साठते. एसीला तासाला एक युनिट लागले, तर ती जेमतेम दोन-अडीच तास पुरते. मे महिन्यातील मराठवाड्याच्या उकाड्यात ही तफावत चांगलीच जाणवते.

जिवाशी खेळ नको

वीज संपल्यावर अनेक जण जनरेटरकडे वळतात आणि खरा धोका तेथेच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत आढळले होते. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे तपासात समोर आले. या वायूला रंग वा गंध नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. गाडीच्या तळाला छिद्रे आहेत का, जनरेटरचा धूर कोठे सोडला आहे आणि हा वायू ओळखणारा इशारायंत्र आत बसवला आहे का, हे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी हवेची वाट हवी.

खरेदीपूर्वी तीच बांधणी एक-दोन रात्री भाड्याने घेऊन वापरणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. घाटातील ब्रेक, पहाटेपर्यंत टिकलेली बॅटरी, शौचकुपाची टाकी रिकामी करण्याची सोय आणि जवळचे दुरुस्ती केंद्र या चार गोष्टी जाहिरातीपेक्षा अधिक काही सांगून जातात.