जाहिरातीचं उत्पन्न आणि वाचकाचा मान

मालेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसांना नाशिककडचं मालेगाव आठवतं. आपण वाशीम जिल्ह्यातले, आपल्याला याची सवय आहे. आजचा विषय मात्र इथलाच आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी सोयाबीन आणि तुरीचे बाजारभाव देणारी वेबसाइट चालवतो. एकटाच चालवतो. बरेच दिवस त्याच्या हाती काही लागत नव्हतं, म्हणून त्यानं जाहिराती लावल्या. पैसे यायला लागले. मग एक दिवस शिरपूरकडचे एक शेतकरी आम्हाला भेटले, म्हणाले, "सर, तुमच्या पोराच्या साइटवर भाव पाह्यले गेलो, त कर्जाचीच जाहिरात उघडली. आता मी तिथं जातच नाही." पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "सर, जाहिराती काढल्या तर साइट बंद करावी लागेल." दोघंही खरंच बोलत होते.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, व्यापार नाही. पण हा प्रश्न आमच्याच प्रांतातला निघाला. कांट सांगतो की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. यातला 'केवळ' हा शब्द मुलं परीक्षेत हमखास गाळायची. वाचकाच्या नजरेवर पैसे मिळवणं म्हणजे त्याला साधन करणंच झालं. किराणा दुकानदारही गिऱ्हाइकाला साधन करतो. प्रश्न इतकाच की, ज्या कामासाठी तो माणूस आला ते काम त्याचं नीट होतं की नाही.

गांधीजींनी हा पेच एका फटक्यात सोडवला. 'इंडियन ओपिनियन'मध्ये आधी जाहिराती असत, पुढे त्यांनी त्या बंद केल्या; 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'ही जाहिरातींशिवाय चालवले. पण त्यामागे चळवळ होती, वर्गणीदार होते. आमच्या विद्यार्थ्याच्या मागं कोण आहे?

म्हणून आम्हाला जास्त जवळचं वाटतं ते किर्लोस्करवाडीचं उदाहरण. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखाना लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं करणारा. लोखंडी फाळानं जमीन विषारी होते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांना तो नांगर विकायचा होता. म्हणजे हे पत्र एका अर्थानं जाहिरातच! पण नावातच कारखान्याचं नाव होतं. वाचक फसला नाही, कारण त्याच्यापासून काही लपवलंच नव्हतं. शिवाय त्यात वाचण्यासारखं काही असे. पुढे त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं, आणि नांगराशी काही घेणंदेणं नसलेल्या घरांतही ही मासिकं जाऊ लागली.

आपले दिवाळी अंकही जाहिरातींवरच उभे असतात. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, तेव्हापासून ही परंपरा आहे. दिवाळी अंकातल्या जाहिरातींवर कुणी रागावलेलं आम्ही तरी पाहिलं नाही. का? छापलेली जाहिरात हलत नाही, गोष्टीच्या मध्येच अंगावर येत नाही. पान उलटलं की संपली. मोबाइलवरची जाहिरात आपला डेटा खाते, आणि भावाचा आकडा दिसता दिसता खाली सरकवून बोटाखाली स्वतः येऊन बसते. शिरपूरच्या त्या शेतकऱ्याचं नेमकं हेच झालं होतं.

हे उडी मारून येणं कुठून सुरू झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. ईथन झुकरमन हे अमेरिकेत ट्रायपॉड नावाच्या कंपनीत होते. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील पानावर दिसली आणि ती कंपनी चिडली. म्हणून त्यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडायची युक्ती काढली. जाहिरातदाराची अब्रू वाचली, वाचकाचा विचार राहून गेला. २०१४ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. असे माफी मागणारे थोडेच, बरं का.

नुसत्या शंकेनंही माणसं जातात. २००२ मध्ये विकिपीडियावर जाहिराती येणार अशी चर्चा निघाली, तर स्पॅनिश विकिपीडियाचे अनेक स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा ज्ञानकोश काढला. फुकट श्रम करणाऱ्याला आपले श्रम कुणी विकतंय असं वाटलं की तो थांबत नाही.

मग आम्ही विद्यार्थ्याबरोबर बसलो. जाहिराती काढायच्या नाहीत असं ठरलं. त्यानंच शोधून सांगितलं की गूगलच्या जाहिरात सेवेत काही विषयांच्या जाहिराती बंद करता येतात. त्यानं कर्जाच्या आधी बंद केल्या. बटणाला चिकटून जाहिरात ठेवणं आणि "जाहिरातीवर टिचकी मारा" असं वाचकाला सांगणं, दोन्ही नियमांत बसत नाही. क्रोम ब्राउझरही २०१८ पासून फार त्रासदायक जाहिराती दाखवणाऱ्या साइटवरच्या जाहिराती अडवतो. त्यासाठी जे निकष वापरतात, त्यांत मोबाइलवर मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा जाहिरातींनी घेतली तर तो दोष धरतात. आमच्या मते ३० टक्केसुद्धा फारच झाले. भावाच्या तक्त्यात एकही नको, तक्ता संपल्यावर एक पुरे. आणि जाहिरातीची जागा आधीच मोकळी सोडायची, म्हणजे आकडे उड्या मारणार नाहीत.

उत्पन्न घटणार हे उघड होतं. त्यावर आम्ही सुचवलं की गावातल्या कृषी सेवा केंद्राकडे जा, मंगल कार्यालयवाल्याकडे जा, महिन्याचा दर ठरव. स्थिर चित्र, वर ठळक 'जाहिरात' असं लिहिलेलं. पण बियाणं विकणारा म्हणाला की माझ्या वाणाची दोन वाक्यं सल्ल्यातही घाल, तर? त्यावर पोरगा गप्प बसला, कारण तसं विचारणं आधीच झालं होतं, आणि त्या दोन वाक्यांचे पैसे जाहिरातीच्या तिप्पट होते. त्यानं नाही म्हटलं. ते गिऱ्हाईक गेलं. दुसरे दोन मिळाले आहेत, हिशेब अजून पुरता जुळलेला नाही. शिरपूरचे ते शेतकरी परत आले का, हे आम्हीच त्यांना विचारायचं आहे.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.