लहान ट्रॅक्टरांवरील डिझेल कणगाळणी आणि तिच्या रीजनरेशनच्या समस्या : एक विवेचन

सारांश

डिझेल इंजिनाच्या धुरातील काजळीचे कण अडविण्यासाठी पार्टिक्युलेट फिल्टर, अर्थात डीपीएफ, ही गाळणी वापरली जाते. गाळणीत साठलेली काजळी ठरावीक काळाने जाळून टाकण्याच्या क्रियेस रीजनरेशन म्हणतात. लहान ट्रॅक्टरांवर ही क्रिया वारंवार खंडित होते, अपुरी राहते किंवा सुरूच होत नाही, अशा तक्रारी आढळतात. प्रस्तुत लेखात या क्रियेचे स्वरूप, ती बिघडण्याची कारणे आणि उपाय यांचे विवेचन केले असून भारतीय संदर्भात या प्रश्नाचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

प्रस्तावना

डिझेल इंजिन हे आधुनिक शेतीचे प्रमुख शक्तिसाधन होय. कमी इंधनात अधिक काम आणि दीर्घ आयुष्य हे त्याचे गुण सर्वमान्य आहेत. तथापि त्याच्या धुरातील सूक्ष्म कण आरोग्यास घातक ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराचा समावेश मानवास निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या घटकांच्या गटात केला. ट्रॅक्टर चालविणारी आणि त्याच्या मागेपुढे राबणारी माणसे या धुराच्या अगदी निकट असतात. त्यामुळे धुरातील कणांचे नियंत्रण हा केवळ शहरांचा प्रश्न नसून शेतात काम करणाऱ्यांचाही प्रश्न आहे.

या नियंत्रणासाठी योजलेली गाळणी आपले काम चोख करते. परंतु ती स्वच्छ होण्यास जी परिस्थिती लागते, ती लहान ट्रॅक्टरच्या दैनंदिन वापरात सहजासहजी निर्माण होत नाही. याच विसंगतीतून पुढील सर्व समस्या उद्भवतात.

नियमांची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने रस्त्याबाहेर वापरल्या जाणाऱ्या डिझेल इंजिनांसाठी टियर-४ हे मानक २००४ साली निश्चित केले. १९ ते ३७ किलोवॅट शक्तीच्या इंजिनांसाठी कणांची मर्यादा २००८ पासून प्रति किलोवॅट-तास ०.३० ग्रॅम होती. २०१३ पासून ती ०.०३ ग्रॅम करण्यात आली, म्हणजे थेट एक दशांशावर आली. एवढी घट साधण्यासाठी अनेक उत्पादकांनी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची कॉमन रेल इंधनप्रणाली व डीपीएफ यांचा अवलंब केला. काही उत्पादकांनी मात्र गाळणी टाळून केवळ ज्वलनातील सुधारणा व उत्प्रेरक यांवर भर दिला.

१९ किलोवॅटपेक्षा कमी शक्तीच्या इंजिनांसाठी ही मर्यादा ०.४० ग्रॅम इतकी सौम्य राहिली. १९ किलोवॅट म्हणजे सुमारे २५ अश्वशक्ती. परिणामी अमेरिकन बाजारात २५ अश्वशक्तीच्या किंचित खाली राहणाऱ्या ट्रॅक्टरांची संख्या वाढली. गाळणी नको म्हणून कमी शक्तीचे यंत्र पत्करणारा एक ग्राहकवर्गच तयार झाला, ही बाब या समस्येची तीव्रता दर्शविण्यास पुरेशी आहे. युरोपीय संघाने पुढे स्टेज-५ हे मानक आणले. १९ ते ५६ किलोवॅटच्या इंजिनांना ते २०१९ पासून लागू झाले असून त्यात कणांचे वजन ०.०१५ ग्रॅमपर्यंत मर्यादित केले आहे, शिवाय कणांच्या संख्येवरही बंधन घातले आहे. संख्येवरील या बंधनामुळे गाळणीस पर्याय जवळजवळ उरत नाही.

गाळणीची रचना व कार्य

डीपीएफ ही कॉर्डिएराइट किंवा सिलिकॉन कार्बाइड या उष्णतारोधक सिरॅमिक पदार्थाची, मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी रचना असते. तिच्यातील उभ्या नलिका एकाआड एक बंद केलेल्या असतात. एका टोकाने शिरलेल्या धुरास दुसरे टोक बंद आढळते आणि सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या नलिकेत जाण्यावाचून मार्ग उरत नाही. वायू पलीकडे जातो, काजळी मात्र भिंतीवर राहते. अशा रीतीने धुरातील ९० टक्क्यांहून अधिक कण अडविले जातात.

साठलेली काजळी दोन प्रकारे जळते. पहिला प्रकार सहज रीजनरेशनचा. गाळणीच्या अलीकडे ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट बसविलेला असतो. तो धुरातील नायट्रिक ऑक्साइडचे नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतो आणि हा वायू सुमारे २५० ते ४०० अंश सेल्सिअस तापमानास काजळीचे हळूहळू ज्वलन घडवितो. इंजिनावर पुरेसा भार असल्यास ही क्रिया काम चालू असतानाच, चालकाच्या नकळत होत राहते.

दुसरा प्रकार सक्रिय रीजनरेशनचा. काजळी ठरावीक पातळीच्या वर गेल्याचे नियंत्रकाच्या लक्षात आले की तो मुख्य ज्वलनानंतर, पिस्टन खाली जात असताना, सिलिंडरमध्ये थोडे जादा डिझेल सोडतो. हे डिझेल कॅटॅलिस्टमध्ये पोहोचून तेथे जळते आणि वायूचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत चढते. या तापमानास काजळी प्राणवायूशी थेट संयोग पावून जळून जाते. ही क्रिया साधारणतः १५ ते ३० मिनिटे चालते. काजळीचा अंदाज मुख्यत्वे गाळणीच्या दोन बाजूंमधील दाबाच्या फरकावरून आणि इंजिनाच्या चालण्याच्या गणितावरून बांधला जातो.

समस्यांची कारणे

१. अल्प भार : लहान ट्रॅक्टरचे बरेचसे काम गवत कापणे, लोडरने माती अथवा शेणखत हलविणे, बर्फ सारणे अशा स्वरूपाचे असते. ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर दहा अश्वशक्ती मागणारे काम चालू असेल, तर इंजिन आपल्या क्षमतेच्या ३० टक्क्यांहूनही कमी भारावर चालते. रिकाम्या चालणाऱ्या इंजिनाच्या धुराचे तापमान तर सुमारे १०० ते २०० अंशच असते. अशा स्थितीत सहज रीजनरेशन घडतच नाही. काजळी मात्र जमत राहते. जुन्या ट्रॅक्टरवर इंधन वाचविण्यासाठी इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवण्याची सवय योग्य मानली जाई. नव्या यंत्रावर तीच सवय अपायकारक ठरते.

२. खंडित क्रिया : वीस मिनिटांचे काम करून ट्रॅक्टर बंद करणाऱ्यास रीजनरेशन मध्येच तुटल्याचे जाणवतही नाही. अनेक ट्रॅक्टरांवर ही क्रिया रोखण्याचे बटण असते. वाळलेल्या गवतात किंवा गोठ्यात काम करताना आगीचा धोका टळावा म्हणून ते दिलेले असते. काम संपल्यावर ते पूर्ववत करण्याचे राहून गेले, तर गाळणी भरत जाते.

३. वंगणतेलात डिझेल मिसळणे : उशिरा सोडलेल्या डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवर चिकटून रिंगांमधून तेलाच्या टाकीत उतरतो. रीजनरेशन वारंवार सुरू होऊन अपुरे राहिल्यास हा अंश वाढतो. तेलकांडीवर तेलाची पातळी चढलेली दिसणे हे त्याचे लक्षण होय. तेल कमी झालेले नाही म्हणून समाधान मानण्याऐवजी ते पातळ झाले असल्याची शंका येथे घ्यावयास हवी, कारण अशा तेलाने बेअरिंगांचे पुरेसे संरक्षण होत नाही.

४. काजळीचे अतिरिक्त उत्पादन : गळका इंजेक्टर, चोंदलेला एअर फिल्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह किंवा टर्बोचार्जरमधून झिरपणारे तेल यांमुळे मुळातच काजळी अधिक तयार होते. पूर्वी असा दोष काळ्या धुराच्या रूपाने उघड होई. आता गाळणी तो धूर लपविते आणि दोष केवळ वारंवार होणाऱ्या रीजनरेशनच्या रूपाने प्रकट होतो.

५. संवेदकांचे दोष : दाबमापक संवेदकाची रबरी नळी तडकली, निसटली किंवा पाण्याने व काजळीने बुजली, तर नियंत्रकास चुकीची माहिती मिळते. तापमान संवेदक बिघडल्यास क्रिया सुरू होत नाही किंवा अर्ध्यावर थांबते.

६. राखेचा साठा : वंगणतेलातील कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस इत्यादींची संयुगे जळून राख उरते. काजळी जळते, राख जळत नाही. कितीही रीजनरेशन केले तरी ती गाळणीतच राहते. म्हणून सीजे-४ किंवा सीके-४ यांसारखी अल्पराख तेले वापरण्यास सांगितले जाते, आणि सुमारे ३,००० तासांनंतर गाळणी काढून साफ करण्याचा निर्देश अनेक पुस्तिकांत असतो.

दोषनिदानाची दिशा

धोक्याचा दिवा लागताच सक्तीने रीजनरेशन करणे हा उपाय नव्हे. प्रथम दोष कोणत्या प्रकारचा आहे ते ठरविले पाहिजे. क्रिया पूर्ण होऊनही दाबाचा फरक उतरत नसेल, तर राख अथवा दाबसंवेदक यांकडे लक्ष द्यावे. क्रियेनंतर गाळणी स्वच्छ होते, पण थोड्याच तासांत पुन्हा भरते, असे असल्यास काजळीचे मूळ इंजिनात किंवा चालविण्याच्या पद्धतीत शोधावे. क्रिया सुरू होते, परंतु अपेक्षित तापमान गाठले जात नाही, असे असल्यास कॅटॅलिस्ट, इंजेक्टर व तापमान संवेदक तपासावेत. दोन रीजनरेशनमधील तासांची नोंद ठेवल्यास हे निदान सोपे होते.

गाळणी प्रमाणाबाहेर भरलेली असताना तिला पेटविणे विशेष धोक्याचे असते. एकदा काजळीने पेट घेतल्यावर इंजिन एकाएकी मंद केले, तर धुरातील प्राणवायूचे प्रमाण वाढते आणि उष्णता वाहून नेणारा वायुप्रवाह मात्र घटतो. आतील तापमान अनियंत्रित होऊन सिरॅमिकला तडे जातात किंवा ते वितळते. याच कारणास्तव काजळी एका मर्यादेपलीकडे गेल्यावर नियंत्रक इंजिनाची शक्ती घटवितो आणि चालकास स्वतः रीजनरेशन करू देत नाही. मग अधिकृत कार्यशाळेतील संगणकीय साधनाची गरज भासते. ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहणे आणि मालकाच्या हाती उपाय नसणे, ही यातील खरी वेदना आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने कृषियंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा २०२३ साली केला व तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला, त्यामागे अशा स्वरूपाच्या अडचणींचीच पार्श्वभूमी होती.

या त्रासाला कंटाळून गाळणी काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार असे करणे बेकायदेशीर आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाळणी काढल्याने गळका इंजेक्टर दुरुस्त होत नाही आणि जो धूर गाळला जात होता तो चालकाच्याच श्वासात जातो.

भारतीय संदर्भ

नाशिक परिसरातील द्राक्षबागा किंवा सोलापूर-सांगोला भागातील डाळिंबबागा यांत अरुंद ओळींमधून चालणारे लहान ट्रॅक्टर फवारणी व आंतरमशागतीसाठी वापरले जातात. त्यांपैकी अनेक २५ अश्वशक्तीच्या आसपासचे आहेत. भारतात ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे मानक १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. युरोपच्या स्टेज-५ च्या धर्तीवरील ट्रेम-५ हे मानक मूळ अधिसूचनेनुसार एप्रिल २०२४ पासून लागू व्हावयाचे होते. ती मुदत पुढे ढकलण्यात आली. हे मानक जेव्हा व जेथे लागू होईल, तेव्हा १९ किलोवॅटची रेषा येथील ग्राहकासही विचारात घ्यावी लागेल. इंधनाच्या बाबतीत मोठी अनुकूलता निर्माण झाली आहे : १ एप्रिल २०२० पासून देशभर दशलक्ष भागांत दहा भाग एवढेच गंधक असलेले डिझेल मिळू लागले. कॅटॅलिस्ट व गाळणी टिकण्यास असे इंधन आवश्यक असते. परंतु गावातील मेकॅनिकला संवेदक व नियंत्रकाचे ज्ञान, सुटे भाग आणि तपासणीचे साधन उपलब्ध झाल्याखेरीज ही अनुकूलता अपुरी ठरेल.

उपाययोजना

१. कामाच्या मानाने योग्य शक्तीचा ट्रॅक्टर निवडावा. सदैव अल्प भारावर चालणारे मोठे इंजिन घेऊ नये.
२. इंजिन रिकामे चालू ठेवू नये. पीटीओचे काम निर्देशित फेऱ्यांवरच करावे.
३. रीजनरेशन सुरू झाल्यास ते पूर्ण होईपर्यंत काम चालू ठेवावे.
४. उभ्या स्थितीतील रीजनरेशन मोकळ्या, गवत व पाचोळा नसलेल्या जागी करावे. बंद शेडमध्ये करू नये.
५. पुस्तिकेत सांगितलेलेच अल्पराख तेल वापरावे आणि पातळी वाढल्यास तेल त्वरित बदलावे.
६. दिवा लागल्यावर दुर्लक्ष करू नये. प्रारंभीच्या पातळीवर जे काम अर्ध्या तासात होते, त्यासाठी पुढे कार्यशाळा गाठावी लागते.

समारोप

डीपीएफ हे सदोष तंत्र आहे, असा निष्कर्ष वरील विवेचनातून निघत नाही. उष्णतेवर विसंबलेले हे तंत्र अल्पकाळ व अल्प भारावर चालणाऱ्या यंत्रावर बसविले गेले, यात समस्येचे मूळ आहे. चालकाने जुनी सवय बदलणे, उत्पादकाने निदानाची साधने खुली करणे आणि प्रशिक्षण संस्थांनी ग्रामीण कारागिरांपर्यंत हे ज्ञान पोहोचविणे, या तिन्ही गोष्टी एकत्र घडल्या तरच शेतकऱ्याचे काम न अडता त्याचा श्वासही सुरक्षित राहू शकेल.