सॉफ्ट स्किल्स म्हणजे फाडफाड इंग्रजी नव्हे

किनवटकडच्या पोरांना आयटी म्हटलं की आधी इंग्रजीची धास्ती. पण नोकरीत गाडी अडते ती दुसरीकडेच.

बऱ्याच टीममध्ये रोज छोटी मीटिंग असते, स्टँडअप. स्क्रम पद्धतीत ती जास्तीत जास्त 15 मिनिटांची. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय, एवढंच सांगायचं. ‘अडलंय’ म्हटलं तर ‘याला येत नाही’ असं वाटेल, म्हणून नवीन पोरं गप्प बसतात. मग दोन दिवसांचं काम आठवडाभर लटकतं.

‘होत नाहीये’ एवढंच म्हणू नका. असं सांगा: ‘लॉगिनचा ओटीपी येत नाही. नंबर तपासला, लॉग पाहिला. एसएमएस सेटिंगचा अ‍ॅक्सेस हवाय.’ म्हणजे काय झालं, काय करून पाहिलं, काय पाहिजे.

किनवट तेलंगणाच्या सीमेवर. मराठी, तेलुगू, गोरमाटी, गोंडी कानावर पडतच असते. समोरच्याला कळेल असं बोलायची सवय तुम्हाला आहेच, तीच कामाला लावा.

रोज एक मिनिट, कॉलेजच्या प्रोजेक्टवर ही तीन वाक्यं फोनमध्ये रेकॉर्ड करा. आधी मराठीत, मग साध्या इंग्रजीत. मित्राला ऐकवा. त्याला कळलं नाही, तर परत बोला.