जुन्या मोटारीचा कार्ब्युरेटर

जुनी मोटारगाडी जपून ठेविणाऱ्या कित्येक बागाइतदारांची समजूत अशी असते की, एंजिनाचा जोर कमी भासला म्हणजे पेट्रोल अधिक सोडावे. आमच्या मते हा समज नुकसानकारक आहे. पेट्रोल द्रवरूपाने नीट जळत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळावी लागते, व १ भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १५ भाग हवा लागते.

बेंझ यांच्या १८८६ सालच्या गाडीत हवा तेलाच्या पृष्ठभागावरून जाताना वाफ घेऊन जाई. पुढे १८९३ साली मायबाख यांनी बारीक तोंडातून तेलाचा फवारा हवेत सोडण्याची युक्ती काढली. परंतु, पाझरणाऱ्या माठातील पाणी जसे गार होते, तसा वाफ होताना फवाराही गार होतो, व थंडीत थेंब तसेच राहतात. म्हणून १९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत धुराच्या तप्त नळाजवळची ऊन हवा कार्ब्युरेटरात आणीत.

न जळलेले पेट्रोल सिलिंडरातील वंगण धुऊन काढते, व खाली उतरून उरलेले वंगण पातळ करते. तेणेकरून यंत्र झिजते. यास्तव प्रथम जाळी व नळी स्वच्छ करावी. मग एंजिन तापल्यावर सुई थोडथोडी फिरवावी. काळा धूर निघाल्यास पेट्रोल कमी करावे. कार्ब्युरेटरात फटफट आवाज झाल्यास किंचित वाढवावे. जोर पेट्रोलाच्या विपुलतेत नसून योग्य मिश्रणात आहे, हे ध्यानी ठेवावे.