जुन्या मोटारसायकलीचा कार्बुरेटर
पावसाळाभर पडवींत उभी राहिलेली जुनी मोटारसायकल ऐन सुगींत सुरू न झाल्यास कामाचा खोळंबा होतो. दोष बहुधा इंजिनाचा नसून कार्बुरेटरच्या वाटींत राहिलेल्या पेट्रोलचा असतो, असें आम्हांस आढळलें आहे. आपल्या उंसापासूनहि होणारें इथेनॉल हल्लीं पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत असतें. तें ओलावा शोषून घेतें व जुन्या रबरी नळ्या खराब करतें. यास्तव गाडी फार दिवस ठेवावयाची असल्यास तोटी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालूं द्यावें. जेट तुंबल्यास तारेनें टोंचूं नये. भोंक मोठें होऊन पेट्रोल अधिक जळतें. पंपाच्या हवेनें तें साफ करावें. हें काम विस्तवापासून दूर, उघड्यावर करावें. नंतर प्लग पाहावा: पांढरा असल्यास पेट्रोल कमी, काजळलेला असल्यास जास्त, तपकिरी असल्यास प्रमाण योग्य समजावें.