झाडीच्या मुलखातील लोकवाणी आणि तिचा सन्मान

गुजरात साहित्य सभेने 1928 साली रणजितराम मेहता यांच्या स्मरणार्थ सुवर्णचंद्रक देण्यास आरंभ केला, तेव्हा भाषेतील सर्व वाङ्मयप्रकार समोर असता पहिला मान झवेरचंद मेघाणी यांच्याकडे, म्हणजे सौराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून चारणांच्या आणि वृद्धांच्या मुखातील कथा टिपून घेणाऱ्या संग्राहकाकडे गेला; आणि तो गेला त्या वेळी ‘सौराष्ट्रनी रसधार’चे पाचही भाग छापून वाचकांच्या हाती आलेले होते. पुढे दुला भाया काग या चारण कवीस 1962 साली पद्मश्री लाभली, आणि आज त्यांच्या मजादर गावी फाल्गुन शुद्ध चतुर्थीस, त्यांच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने, लोकसाहित्याच्या उपासकांना दरवर्षी पुरस्कार दिले जातात. त्या प्रांतात सन्मानाच्या पाठीशी ग्रंथ उभा राहिला. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात सन्मानाच्या पाठीशी काय उभे आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील धानाच्या या पट्ट्यास झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी सरून मंडया भरू लागल्या, शंकरपटांचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, दिवस आले, की गावोगाव रात्रीची नाटके उभी राहतात; रात्री दहाच्या पुढे पडदा वर जातो आणि पहाटेचे तांबडे फुटेपर्यंत माणसे थंडीत घोंगडी पांघरून जागची हलत नाहीत. देसाईगंज, ज्यास सर्वजण वडसाच म्हणतात, हे या नाट्यमंडळांचे ठाणे. प्रयोगांचा सौदा, कलावंतांची बिदागी आणि तारखांचा तपशील तेथेच ठरतो. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि 2021च्या अखेरीपर्यंत थांबून राहिल्या, तरी पटाच्या आश्रयाने वाढलेली ही रंगभूमी मोडली नाही, यावरून तिची मुळे किती खोल आहेत याची कल्पना यावी.

याच रंगभूमीवर कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी आयुष्य वेचले. सुमारे आठशे भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग अशी त्यांच्या कामाची मोजदाद सांगितली जाते. प्रेक्षक त्यांना प्रेमाने झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. 2023 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि संथाळ कुळात जन्मलेल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या कारकीर्दीत अरण्यप्रदेशातील या नटाचा सन्मान झाला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्या नाटकांकडे पुण्या-मुंबईच्या नाट्यसमीक्षेने दीर्घकाळ लक्ष दिले नाही, त्यांची नोंद राष्ट्राच्या दप्तरात झाली.

परंतु येथेच एक उणीव मनास टोचते. नट गौरविला गेला, नाटक मात्र बहुधा वहीतच राहिले. स्थानिक लेखकांनी हंगामासाठी लिहिलेल्या संहिता मंडळाच्या पेटीत असतात, नटांच्या नकला हातोहात फिरतात, मंडळ मोडले की पेटी कोणाच्या तरी माळ्यावर जाते. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यप्रकारांची अवस्था याहून बिकट, कारण तेथे वहीही नाही. आहे ती स्मृती. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचे शब्द आणि दंडारीचे स्वरूप यांचा जो अभ्यास केला, तो नसता तर यातील पुष्कळ भाग आजच अंधारात गेला असता. एका अभ्यासकाने इतके साधले, यातच काम किती उरले आहे ते दिसते.

गोंडी आणि माडिया बोलणाऱ्यांची वाणी तर पुरस्कारांच्या परिघाबाहेरच राहिली आहे. रेला नृत्यात पिढ्यान्‌पिढ्या गाइली जाणारी गीते, 1858च्या ऑक्टोबरात चांद्यास फाशी गेलेल्या बाबूराव शेडमाके यांची गोंड समाजात गाइली जाणारी गाथा, जन्म-मरणाच्या विधींतील कथने, यांचा कर्ता एक नसतो. आणि शिफारसपत्राच्या नमुन्यात तर एकाच नावाची जागा असते. राज्य शासनाच्या सांस्कृतिक पुरस्कारांत लोककला आणि आदिवासी गिरिजन असे विभाग आहेत, हे स्तुत्यच. तथापि अर्ज, दाखले, कात्रणे यांची जुळवाजुळव भामरागडच्या गायिकेने कशी करावी? चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीस मराठवाड्याहून येणाऱ्या आणि वाटभर गात येणाऱ्या स्त्रियांचे तर नावही कोणी विचारीत नाही.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा नाही असे नव्हे. दुर्गाबाई भागवतांची ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ 1956 साली प्रसिद्ध झाली. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे ओव्या आणि स्त्रीगीते खंडांमागून खंड काढून छापली. गडचिरोलीतच डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’मध्ये तेथील बायकांकडून झाडांविषयीचे ज्ञान आणि समजुती ऐकून नोंदविल्या. अशा नोंदीस जो धीर लागतो, त्यालाही मानधन आणि मानपत्र मिळाले पाहिजे.

2011 साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आहे. त्याने या दोन जिल्ह्यांसाठी दरवर्षी एक लोकवाङ्मय पुरस्कार सुरू करावा, तो गावाच्या वा मंडळाच्या नावेही देता यावा, शिफारस तोंडी स्वीकारावी, आणि त्याची निम्मी रक्कम गौरविलेल्या कलावंताच्या भांडारातील गीते, संहिता वा कथा ध्वनिमुद्रित करून मूळ बोलीसह मराठी अर्थ देऊन छापण्यासाठी राखून ठेवावी. पहिल्या वर्षी हा पुरस्कार एखाद्या वयोवृद्ध दंडारकाराकडे जावा, दुसऱ्या वर्षी इंद्रावतीच्या काठच्या माडिया गायिकांकडे. आणि छापलेल्या पुस्तकाच्या पहिल्या प्रती त्यांच्याच गावच्या शाळेत पोचवाव्यात.